एकच टॅब, अख्खं घर

२०२०च्या मार्चअखेरीस लोकल थांबल्या आणि वाकोल्यापासून खिरा नगरपर्यंत सांताक्रूझमधली माणसं एकदम घरात आली. शाळा बंद, कचेरी बंद, टीव्हीवर पुन्हा ‘रामायण’. छोट्या खोल्यांमधल्या त्या गर्दीला तेव्हा ज्या खेळाने गुंतवून ठेवलं, तो जपानहून किंवा अमेरिकेहून आलेला नव्हता. तो खाडीपलीकडे नवी मुंबईत तयार झाला होता.

विकास जयस्वाल यांच्या गेमशन कंपनीने ‘लूडो किंग’ २०१६ साली आणला. दहा कोटी डाउनलोडचा टप्पा ओलांडणारा तो पहिला भारतीय गेम. टाळेबंदीत त्याची वाढ इतकी झपाट्याने झाली की २०२१ उजाडेपर्यंत आकडा ५० कोटींच्या घरात पोहोचला. या यशाचं कारण तंत्रज्ञानात शोधून फारसं काही हाती लागत नाही. चार रंग, एक फासा, घरी पोहोचणाऱ्या सोंगट्या. नातवाला नियम समजावून सांगावे लागत नाहीत, कारण ते आजीला आधीच पाठ असतात. इंटरनेट नसलं तरी डाव मांडता येतो आणि एकच फोन मधे ठेवून आळीपाळीने खेळता येतं. ही शेवटची सोय ऐकायला किरकोळ वाटते, पण ज्या घरात फोन एक आणि खेळणारे चार, तिथे तीच सगळ्यांत मोठी ठरते.

शिवाय खेळ मुळात आपलाच. पचिसीवर बेतलेल्या लूडोचं पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतलं गेलं. याच अ‍ॅपमध्ये मिळणारी सापशिडी म्हणजे जुना मोक्षपट, आणि मराठी परंपरा त्याचं नातं थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. सारीपाट खेळलेल्या समाजाला पडद्यावरचा पट परका वाटण्याचं कारणच नव्हतं.

घरबसल्या व्हिडिओ गेमची ओढ मात्र त्याहून बरीच जुनी. नव्वदच्या दशकात उपनगरांतल्या कितीतरी घरांत टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ आला. बरेचसे डबे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल होते. पुढे मुंबईच्या मिताशीनेही टीव्हीला जोडायचे खेळ विकले. मुलं कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणत आणि कंट्रोलरला ‘रिमोट’. कॅसेट चालेना झाली की तिच्यात फुंकर मारायची, हा तर सार्वत्रिक उपाय. वेष्टनावर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं असे, आत मोजकेच खेळ फिरून फिरून येत. ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’, ‘डक हंट’, ‘सर्कस चार्ली’, ‘रोड फायटर’. रिमोट दोन असत, म्हणून शेजारचा मुलगा आपोआप खेळात शिरे. बाकीचे मागे बसून ‘आता उडी मार’ असं ओरडत, आणि तेही खेळच असे.

ज्या कंपनीच्या नकलेवर एक पिढी वाढली, ती निन्टेन्डो आजही भारतात अधिकृतपणे माल विकत नाही. कुटुंबाने मिळून खेळण्याची कल्पना तिने जगभर रुजवली. २००६मधल्या ‘वी’ यंत्राने हात हलवून टेनिस आणि बोलिंग खेळायला लावलं, २०१७मध्ये ‘स्विच’ आला. पण सांताक्रूझच्या मुलाला ‘स्विच’ हवा असेल, तर इर्ल्याच्या अल्फात किंवा हाजी अलीच्या हिरा पन्नात आयात माल शोधायचा, नाहीतर परदेशातल्या मामाच्या बॅगेची वाट पाहायची. वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. ‘मारिओ कार्ट’सारखा, सहा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या बाबांना एकाच शर्यतीत आनंदाने पळवणारा खेळ इथल्या बहुतेक घरांपर्यंत पोहोचतच नाही, हे खरोखर नुकसान आहे.

सोनीने वेगळी वाट धरली. प्लेस्टेशन २ भारतात रीतसर विकला गेला आणि त्याच्यासाठी इथल्या मातीतले खेळही तयार झाले. हैदराबादच्या गेमशास्त्रने २००९मध्ये ‘देसी अड्डा’ आणला, त्यात कबड्डी होती, पतंगबाजी होती. पुढच्याच वर्षी मुंबईच्या ट्राइन गेम्सने ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ काढून गल्लीतलं क्रिकेट पडद्यावर नेलं. प्लेस्टेशन २ मागे पडला आणि हा ओघ आटला. त्या खेळांमध्ये सफाई कमी होती हे मान्य, पण दिशा बरोबर होती.

आज महाराष्ट्रात खेळ घडवण्याचं काम पूर्वीपेक्षा किती तरी जास्त होतं, फक्त ते बाहेरच्यांसाठी होतं. टीव्हीसमोर अख्ख्या घराला नाचवणाऱ्या ‘जस्ट डान्स’च्या घडणीत युबिसॉफ्टच्या पुणे स्टुडिओचा मोठा हात आहे. ‘पॅक-मॅन’चा मोबाइल अवतार पुण्याची सुपरगेमिंग सांभाळते. मुंबईच्या पेपर बोट अ‍ॅप्सचं ‘किडोपिया’ दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. अंशु आणि अनुपम धानुका या जोडप्याने ही कंपनी उभी केली. २०१९मध्ये नझारा टेक्नॉलॉजीजने तिचा ५१ टक्के हिस्सा घेतला. नझाराही मुंबईचीच, आणि मार्च २०२१मध्ये शेअर बाजारात उतरलेली देशातली पहिली गेमिंग कंपनी. ‘किडोपिया’ला पैसे देणारे पालक मात्र प्रामुख्याने अमेरिकेतले.

पैशाचा हा मुद्दा पालकांनी नीट पाहावा, कारण खेळ मुलाशी कसा वागतो ते त्यावरच ठरतं. वर्गणीवर चालणाऱ्या खेळाला जाहिरात दाखवण्याची गरज नसते. २०१९मध्ये आलेल्या ‘अ‍ॅपल आर्केड’मध्ये जाहिराती नाहीत आणि मधेच काही विकत घेण्याचा आग्रहही नाही. फुकट खेळ आपली किंमत लक्ष विचलित करून वसूल करतो. दर डावानंतर जाहिरात, बंद करण्याची फुली कोपऱ्यात बारीक, आणि नाणी संपली की खरेदीचं बटण ठळक. पाच वर्षांच्या बोटाला यातला फरक कळत नाही. तेव्हा खरेदीला पासवर्ड लावावा. ऑफलाइन चालणारा खेळ नेट बंद करून दिला, तर बऱ्याच जाहिराती आपसूक थांबतात. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना लक्ष्य करून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली, आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीचे खेळ त्यापासून वेगळे ठेवले. हा फरक कायद्याने मान्य केला हे फार चांगलं झालं. ‘मोबाइलवरचा खेळ’ म्हटलं की जुगार आणि सापशिडी एकाच पारड्यात टाकण्याची सवय घराघरांत होती.

वयाचं लेबल जरूर वाचावं, पण ते पुरेसं नाही. ‘सर्वांसाठी’ असा शिक्का असलेला खेळही मुलाला तासभर एकटं कोपऱ्यात बसवू शकतो. ‘ओव्हरकुक्ड’मध्ये चौघांनी मिळून स्वयंपाकघर सांभाळायचं असतं. कांदा कुणी चिरायचा, ताटल्या कुणी घासायच्या यावर वाद होतो आणि त्या वादातच खरी मजा आहे. ‘इट टेक्स टू’ एकट्याने खेळताच येत नाही. टॅबवर ‘मॉन्युमेंट व्हॅली’सारखं शांत कोडं आईच्या मांडीवर बसून सोडवता येतं.

मराठी घराला अजून हवा आहे तो आपल्या भाषेत बोलणारा, आपल्या सणात बसणारा असा खेळ. सामग्री तर तयारच आहे. मंगळागौरीत फुगडी, झिम्मा, पिंगा आणि असे कितीतरी प्रकार आहेत. त्यांना ताल आहे, ठरलेल्या हालचाली आहेत, जोडीदार आहे, आणि दमलेल्या खेळाडूची जागा घ्यायला आत्या-मावश्याही आहेत. ‘जस्ट डान्स’ला लागतं ते हेच. ते घडवणारे हात पुण्यातच आहेत, आणि मंगळागौरीचे खेळ शिकवणारे महिलांचे गटही तिथेच.