गोव्यात गाडी एक्सचेंज केली तर टॅक्स कुठे भरायचा?

आजचा विषय तुमच्याच व्हॉइस नोट्समधून आलाय. नेरूळचा एक श्रोता विचारतो, "म्हापशाचा डीलर माझ्या जुन्या गाडीचे वाशीपेक्षा जास्त पैसे देतोय. नवी गाडी तिथूनच घेतली तर टॅक्स गोव्याचा लागेल ना? आणि जुन्या गाडीचे पैसे वजा करून उरलेल्या रकमेवरच लागेल ना?"

मी सीए नाही, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. त्यामुळे प्रश्नाचे तुकडे करून बघतो. पण उत्तर आधीच सांगून टाकतो: दोन्ही वेळा नाही.

जीएसटी: दुकान बदललं, दर तोच

१ जुलै २०१७ च्या आधी प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा होता. शिवाय बाहेरून नवी गाडी आणली की महाराष्ट्र १९८७ च्या कायद्याखाली प्रवेश कर घ्यायचा. जीएसटी आला आणि हे दोन्ही गेलं. आता दर देशभर एकच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, इलेक्ट्रिकवर ५ टक्के. बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी असे दोन आकडे दिसोत किंवा आयजीएसटीचा एकच, बेरीज तेवढीच होते.

रोड टॅक्स: गाडी जिथे राहते तिथला

राज्याराज्यांत फरक पडतो तो इथे. मोटार वाहन कायद्याचं कलम ४० म्हणतं की मालक जिथे राहतो आणि गाडी साधारणपणे जिथे ठेवली जाते, तिथे नोंदणी करायची. तुम्ही नेरूळला राहता, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहणार, म्हणजे नोंदणी महाराष्ट्रात आणि टॅक्सही महाराष्ट्राचा. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त.

म्हापशाचा डीलर तुम्हाला तात्पुरती नोंदणी करून देईल. मग गाडी, विमा आणि फॉर्म २०, २१, २२ घेऊन वाशी आरटीओत जायचं आणि एमएच-४३ नंबर घ्यायचा.

"गोव्यातल्या मामाचा पत्ता दिला तर?" हाही मेसेज आलाय. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे पुन्हा टॅक्स. आणि मुळात तुम्ही तिथे राहतच नसाल तर तो पत्ता खोटाच ठरतो. पुद्दुचेरीच्या पत्त्यावर नोंदवलेल्या महागड्या गाड्यांवरून २०१७ मध्ये केरळात केसेस झाल्या, त्या याच कारणाने.

ऐरोली-महापेच्या आयटीवाल्यांसाठी एक सरळ रस्ता आहे. कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच सिरीज बघा. तिथे टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

एक्सचेंज: टॅक्स पूर्ण किमतीवर

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ऐकलेलं इथे लावू नका. टेक्सासमध्ये जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्यावर टॅक्स लागतो. कॅलिफोर्नियात मात्र पूर्ण किमतीवरच. आपला हिशोब कॅलिफोर्नियासारखा आहे. सीजीएसटीच्या नियम २७ मध्ये उदाहरणच दिलंय: जुना फोन देऊन नवा २० हजारांना मिळाला, पण एक्सचेंजशिवाय तो २४ हजारांना मिळतो, तर टॅक्ससाठी किंमत २४ हजार धरायची.

आता गाडी घ्या. एक्स-शोरूम ९ लाख, जुनीचे मिळाले ३ लाख. तुम्ही खिशातून ६ लाख दिले तरी १८ टक्के दराने त्या ९ लाखांत सुमारे १ लाख ३७ हजार जीएसटी आहेच. रोड टॅक्सही ९ लाखांवर, म्हणजे ९९ हजार. सहा लाखांवर ६६ हजार धरून बजेट केलं असेल, तर ३३ हजारांचा खड्डा पडेल. हां, डीलरने सरळ डिस्काउंट देऊन तो बिलावरच दाखवला तर जीएसटी कमी झालेल्या किमतीवर लागतो. म्हणून विचारा, सूट बिलावर दिसणार का?

जुनी गाडी तुम्ही खासगी व्यक्ती म्हणून विकताय, त्यामुळे तुम्हाला जीएसटी नाही. ती पुढे विकताना डीलरला त्याच्या मार्जिनवर १८ टक्के भरावा लागतो. म्हणजे तुम्हाला सांगितलेल्या भावात तोही हिशोब धरलेला असतो.

खरी जोखीम जुन्या गाडीत

टॅक्सचा आकडा निदान आधी कळतो. जुन्या गाडीची आरसी मात्र तुमच्या नावावर राहिली तर ई-चलन तुमच्या फोनवर येत राहतं. अपघात झाला तर प्रकरण त्याहून मोठं होतं. २०१८ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गाडी पुढे कितीही हातांतून गेली, तरी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच भरपाईसाठी मालक. डीलर दुसऱ्या राज्यातला असेल तर गाडी तिथे नोंदवायला वाशी आरटीओची एनओसी लागते, आणि त्यासाठी कर्ज व चलनं आधी मिटवावी लागतात. पाठपुरावा करायला तुम्ही दर आठवड्याला म्हापशाला जाणार आहात का?

म्हणून चावी देण्याआधी एवढं करा. डीलर आरटीओकडे अधिकृत नोंदलेला आहे का ते बघा. २०२३ पासून तशी सोय आहे, आणि गाडी ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद करता येते. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लेखी घ्या. फास्टॅग बंद करा. नाव बदलेपर्यंत अधूनमधून एम-परिवहन ॲपवर आपला जुना नंबर टाकून बघत राहा.

आणि डीलर जास्तीचे किती देतोय, त्यातून जाण्या-येण्याचा आणि कागदपत्रांचा खर्च वजा करा. तरीही चांगली रक्कम उरत असेल तर खुशाल म्हापशाला जा. फक्त टॅक्स वाचेल म्हणून जाऊ नका.