मशिदीची बॅटरी, सोलर आणि मधला कंट्रोलर

रमजानमध्ये ऐन सहरीला लाईट जायची, म्हणून आम्ही मोहल्ल्याच्या चंद्यातून मशिदीसाठी १५० अँपिअर-अवरची बॅटरी आणि १०० वॅटची दोन सोलर पॅनल घेतली. लावणाऱ्याने पॅनलच्या तारा थेट बॅटरीला जोडल्या. वर्षाच्या आत बॅटरीतलं पाणी आटलं, प्लेटा उघड्या पडल्या. अमानतीचा पैसा होता तो.

'१२ व्होल्टचं' म्हणून विकलं जाणारं पॅनल कडक उन्हात १८ व्होल्टपर्यंत जातं. लेड-ॲसिड बॅटरीला चार्जिंगसाठी साधारण १४.४ व्होल्ट पुरतात; भरल्यावर तर १३.६ च्या आसपासच हवेत. थेट जोडलं की बॅटरी भरली तरी पॅनल थांबत नाही. पाण्याचा वायू होऊन उडून जातो. हे रोखायला मध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. तो रात्री बॅटरीतला करंट उलटा पॅनलकडे जाऊही देत नाही. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल.

हिशोबही बघा. १५० गुणिले १२, म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. पण बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची. आमची दोन पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला सातशेच्या आसपास देतात, पावसाळ्यात फारच कमी. म्हणून बॅटरीवर दिवे, माईक आणि एखाददुसरा पंखाच ठेवला.

पॅनलचं तोंड दक्षिणेला हवं. (किबल्याकडे का नाही, असं एका चाचांनी विचारलंच!) मिनाराची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी करंट बराच घटतो. आता नवी बॅटरी कंट्रोलरवर आहे, आणि डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला जुम्म्यानंतर आम्हीच तपासतो.