बॉक्स कासवाचे घर: सजावटीआधी हवा महत्त्वाची

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील फरीदाबादमध्ये मे-जून महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो आणि दुपारी कोरडी लू वाहते. जानेवारीच्या पहाटे हाच पारा पाच अंशांपर्यंत उतरतो. जंगलातील ओलसर पालापाचोळ्यात वावरणाऱ्या बॉक्स कासवाला अशा शहरातील सदनिकेत ठेवायचे, तर त्याच्या घराची सजावट करण्याआधी त्या घरातील हवा घडवावी लागते.

या कासवाच्या पोटाकडील कवचाला बिजागरीसारखा सांधा असतो. धोका जाणवताच ते डोके आणि पाय आत ओढून कवच डबीसारखे मिटून घेते. त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. त्याचे अमेरिकी आणि आशियाई असे दोन गट असून आशियाई गटातील काही प्रजाती ईशान्य भारतातही आढळतात.

कायद्याचा प्रश्न येथेच सुरू होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित असलेली भारतीय कासवे घरात ठेवता येत नाहीत. चोरून विकले जाणारे स्टार कासव किंवा गावाकडच्या तळ्यातून उचलून आणलेले कासव हेही त्यात आले. बॉक्स कासवांचे दोन्ही गट वन्यजीवांच्या व्यापारावरील ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परिशिष्टांतील प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार ती ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते. त्यामुळे विक्रेत्याकडे कागदपत्रे नसतील, तर पुढील तयारी करण्यात अर्थ नाही.

कागदपत्रे चोख असतील, तर पहिला निर्णय जागेचा. काचेची मासळीपेटी सहज मिळते, पण ती या कासवासाठी गैरसोयीची ठरते. पारदर्शक भिंत त्याला अडथळा वाटत नाही आणि ते दिवसभर काचेवर धडका देत राहते. लाकडी फळ्यांचा, आतून पाणी न झिरपणारा अपारदर्शक हौद अधिक चांगला. एका प्रौढ कासवासाठी साधारण चार फूट लांब व तितकीच रुंद जागा आणि दीड फूट उंच भिंती असाव्यात. कासव लहान दिसले तरी चढण्यात पटाईत असते. तळाशी खत किंवा कीटकनाशक नसलेली माती आणि कोकोपीट यांचा चार ते सहा इंचांचा थर द्यावा व त्यावर वाळलेली पाने पसरावीत. स्वतःला मातीत पुरून घेणे ही या प्राण्याची रोजची गरज आहे.

खरी कसोटी उष्णता आणि ओलावा यांची. हौदाच्या एका टोकाला दिव्याखाली सुमारे ३० अंश, तर दुसऱ्या टोकाला २२ ते २४ अंश तापमान ठेवावे, म्हणजे कासव आपली जागा स्वतः निवडते. हवेतील आर्द्रता ६० ते ८० टक्के हवी. फरीदाबादच्या उन्हाळी दुपारी ती याच्या जवळपासही नसते. मातीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणे आणि हौदाचा काही भाग झाकणे हा त्यावरील साधा उपाय. कूलरमुळे खोलीतील ओलावा वाढतो, मात्र त्याचा झोत थेट कासवावर येता कामा नये. हिवाळ्यात रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर उपयोगी पडतो; त्याला तापमान नियंत्रक जोडलेला असावा. वीज गेल्यावर काय करायचे, याचा विचारही आधीच केलेला बरा. तापमापक आणि आर्द्रतामापक यांना कोणी सजावट म्हणणार नाही, पण हौदातील सर्वांत उपयोगी वस्तू त्याच.

खिडकीतून येणारे ऊन पुरेसे आहे, हा समज घातक ठरतो. काच सूर्यप्रकाशातील ‘यूव्हीबी’ किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. हे किरण न मिळाल्यास शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि कवच मऊ पडून वाकडे होते. त्यासाठी खास दिवा दिवसातून सुमारे बारा तास लावावा लागतो. तो जळत असला तरी त्याचे किरण हळूहळू क्षीण होतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा.

सजावटीची पाळी यानंतर येते. अर्धे फुटलेले मातीचे मडके उपडे ठेवले की लपण्याची उत्तम जागा तयार होते. ओंडका, सपाट दगड आणि शेवाळ यांनीही हौदाला शोभा येते. लहान रंगीत खडे मात्र कासव गिळते. घरोघरी आढळणारा मनीप्लांट आणि डिफेनबेकिया या वनस्पती त्याच्या तोंडाला व घशाला अपाय करतात. त्यांच्याऐवजी स्पायडर प्लांट किंवा नेचे लावावे. कुंडीच्या उथळ बशीत कासवाच्या हनुवटीपर्यंत येईल इतके पाणी ठेवून ते रोज बदलावे. ते त्यातच विष्ठा करते. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यामुळे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यापासून दूर ठेवावे.

बॉक्स कासव अनेक दशके जगते. दहावीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेले कासव तो मुलगा नोकरीसाठी घराबाहेर पडल्यावरही त्याच हौदात असते. सांभाळणे अशक्य झाले, तरी त्याला यमुनेत किंवा आग्रा कालव्यात सोडू नये. परके कासव तेथे तग धरू शकत नाही आणि धरलेच, तर स्थानिक कासवांना रोग देऊ शकते. अशा वेळी राज्याच्या वन्यजीव विभागाशी संपर्क साधावा.