सीमेची लांबी आणि मोजणाराचें पाऊल

एकाच सीमेच्या लांबीचे दोन निरनिराळे आंकडे दोन कागदांत आढळले, म्हणजे मधल्या काळांत मुलूख गेला किंवा आला, अथवा दोहोंपैकीं एक कागद खोटा, असें अनुमान सहज काढिलें जातें. तें नेहमींच खरें नसतें, एवढेंच येथें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्पेन व पोर्तुगाल यांमधील सीमा १२९७ च्या तहापासून बहुतांशीं कायम आहे. तरीही तिची लांबी एके ठिकाणीं ९८७, तर दुसरे ठिकाणीं १२१४ किलोमीटर दिलेली लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञांस आढळली. युद्धांची कारणें शोधीत असतां ते अशा सीमांचीं मापें जमवीत होते. त्यांचा लेख त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ सालीं प्रसिद्ध झाला.

त्यांची रीत सोपी आहे. नकाशावर कंपास ठराविक पाऊल धरून चालवावा, मग पाऊल निम्में करून पुन्हां चालवावा. सरळ रेषेवर पावलें बरोबर दुप्पट होतात. नागमोडी किनाऱ्यावर दुपटीहून अधिक, कारण मोठ्या पावलानें ओलांडलेल्या खांचांतही लहान पाऊल शिरतें. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची लांबी अशा वेळीं सुमारें १९ टक्क्यांनीं वाढते. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याची दीड टक्काही नाहीं. बेन्वा मांडेलब्रो यांनीं १९६७ सालीं या वाढीवरूनच किनाऱ्याची अपूर्णांकांतील मिति ठरविली: पहिल्याची १.२५, दुसऱ्याची १.०२, सरळ रेषेची अर्थातच १. अशा आकृतींस पुढें १९७५ त त्यांनीं ‘फ्रॅक्टल’ हें नांव दिलें.

आपल्याकडील उदाहरणही ताजें आहे. महाराष्ट्राचा किनारा शालेय भूगोलांत ७२० किलोमीटर, केंद्र सरकारच्या जुन्या कोष्टकांत ६५२.६, आणि सुधारित मोजणींत ८७७.९७ किलोमीटर दिला आहे. यावरून कोंकणची भूमि वाढली असें कोणी म्हणणार नाहीं. अधिक बारीक नकाशावर खाड्यांचीं वळणें मापांत आलीं, इतकेंच.

मात्र ही मिति रेषेचा वांकडेपणा सांगते, त्याचें कारण सांगत नाहीं. आणि ती ज्या मापांच्या टप्प्यांत काढिली, त्यापलीकडे ताणूं नये.

तात्पर्य, लांबीचे दोन आंकडे समोर आले असतां नकाशाचें प्रमाण, मापाचें पाऊल आणि कोणत्या खाड्या मोजणींत धरिल्या, हें संशोधकानें आधीं विचारावें. त्याचें उत्तर मिळेपर्यंत केवळ त्या फरकावरून कोणाचा मुलूख गेला असें ठरवूं नये, व कोणा लेखकास खोटा म्हणूं नये.