प्रभात : कोल्हापुरात जन्म, पुण्यात कळस

बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर बाहेर पडले. भांडवलासाठी सराफ सीतारामपंत कुलकर्णी सोबत आले आणि 1929 मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ उभी राहिली. 1932 चा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट. पुढच्याच वर्षी कंपनीने बस्तान पुण्याला हलवले.

पुण्यातल्या पहिल्याच ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचा एक डोळा अख्खा पडदा व्यापतो. आपल्या प्रेक्षकाने असे काही तोवर पाहिले नव्हते. तरी प्रभातचे खरे शिखर ‘संत तुकाराम’ (1936) हेच. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. स्टुडिओत किरकोळ कामे करत पुढे आलेल्या गौरी यांनी तुकोबांची बायको जिजाई अशी काही उभी केली, की शेणामातीतला संसार आणि तिची कडकड या दोन्हींमुळे संतपट जमिनीवर राहिला. मुंबईच्या सेंट्रल टॉकीजमध्ये तो वर्षभराहून अधिक चालला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

शांताराम 1942 मध्ये बाहेर पडले, दामले 1945 मध्ये वारले. देव आनंदचे पदार्पण (‘हम एक हैं’, 1946) याच कंपनीतले. पण घडी विस्कटली ती विस्कटलीच. 1950 च्या दशकात कंपनी बंद पडली. 1960 पासून त्याच आवारात केंद्र सरकारची चित्रपट प्रशिक्षण संस्था चालते.