दहा सूचकांची भिंत

निवडणूक लागली की प्रस्थापितांची वर्तमानपत्रे अपक्षांची टिंगल सुरू करतात. हौशे, नवशे, गवशे! २०२४ च्या लोकसभेला औरंगाबाद मतदारसंघात (शहराचे नाव बदलले, मतदारसंघाचे तेच राहिले) ३७ उमेदवार होते, तेव्हाही हेच झाले. पण याच मतदारसंघाने २०१९ साली महाराष्ट्रात मान्यता नसलेल्या पक्षाचे इम्तियाज जलील यांना, वंचितच्या साथीने, ४,४९२ मतांनी दिल्लीला पाठवले होते, हे कोणी सांगत नाही.

कायदाही टिंगलच करतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. बाकीच्यांना दहा लागतात. ही भिंत १९९६ च्या दुरुस्तीने उभी केली. त्या वर्षी नलगोंड्यात पाण्यासाठी पेटलेल्या लोकांनी ४८० उमेदवार उभे केले होते. सरकारने पाणी द्यायचे सोडून अनामत वाढवली. लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजार झाली, आज ती पंचवीस हजार आहे. अनुसूचित जाती-जमातींना निम्मी, पण मजुरी करणाऱ्याला निम्मीही जड जाते.

भाडोत्री उमेदवार असतातच. आपल्या वस्त्यांत मते फोडायला उभे केलेले, पाकीट घेऊन बसणारे आपलेच लोक आपण ओळखतो. पण अशा माणसाला दहा सह्या संध्याकाळपर्यंत मिळतात, त्याचा धनी आणून देतो. भिंतीला डोके आपटते ते एकट्या कार्यकर्त्याचे.

गेल्या विधानसभेला असाच एक तरुण माझ्याकडे फाइल घेऊन आला. पश्चिम राखीव मतदारसंघातून त्याचा अर्ज होता. एका सूचकाचे नाव मात्र 'मध्य'च्या यादीत निघाले. दहाचे नऊ झाले, छाननीत अर्ज बाद. "साहेब, हायकोर्टात जाऊ," तो म्हणाला. जाता येत नाही. पोन्नुस्वामी खटल्यात १९५२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अर्ज बाद झाला तरी निवडणूक मध्येच अडवता येणार नाही. निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका करा. आणि इथे तर चूक आपलीच होती, याचिका टिकलीच नसती. अनामत तेवढी परत मिळाली.

त्याला एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, अनामत एकदाच. चार अर्ज, चाळीस वेगवेगळे सूचक, म्हणजे एक नाव चुकले तरी तीन अर्ज शिल्लक. मोठ्या पक्षांचे वकील हे नेहमी करतात. आपले कार्यकर्ते मात्र शेवटच्या दिवशी सह्या गोळा करत फिरतात. ज्यांना पुढे उभे राहायचे आहे त्यांनी सूचकांची नावे, यादी भाग आणि अनुक्रमांक आताच तपासून ठेवावेत. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला दार बंद होते.