भोपळ्याची ओळख देठावरून

पेण तालुक्यातील जोहे आणि शेजारचे हमरापूर ही गावे गणेशमूर्तींसाठी सर्वदूर परिचित आहेत. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या भाज्यांची 'ऋषीची भाजी' घरोघरी शिजते. तीत लाल भोपळ्याला मानाचे स्थान आहे. परसातील वेलाचे महत्त्व त्यातूनच आले. मात्र, हा वेल पुष्कळदा कोणीतरी दिलेल्या किंवा उकिरड्यावर आपोआप रुजलेल्या बियांचा असतो. असे अनोळखी फळ ओळखावे कसे आणि चाखावे कसे?

नावावर विसंबून चालत नाही. मुंबई-पुण्याकडचा लाल भोपळा अन्यत्र काशीफळ किंवा डांगर होतो. विदर्भात त्यालाच कोहळे म्हणतात, तर कोकणात कोहळा म्हणजे पांढऱ्या गराचे, सालीवर राखेसारखा थर असलेले निराळेच फळ.

रंग व आकारही फसवे असतात. एकाच प्रजातीत चपटी, गोल आणि लांबट फळे आढळतात. भरवशाची खूण म्हणजे देठ. देठ कठीण, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाला चिकटतो तेथे पसरट असेल, तर ते फळ 'मॉस्काटा' प्रजातीचे. पानांवर बहुधा पांढरट ठिपके असतात. देठ गोल, जाड आणि बुचासारखा मऊ असेल, तर ते 'मॅक्झिमा'. देठ कठीण व कंगोरेदार, पण टोकाशी फारसा न पसरलेला आणि पाने काटेरी असतील, तर ते 'पेपो'. झुकिनी याच गटातील. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का चंदन' हे वाण मॉस्काटा आहे, तर 'अर्का सूर्यमुखी' मॅक्झिमा.

आधी कडूपणा तपासा

फळ चाखताना प्रथम कच्च्या गराचा लहानसा तुकडा जिभेला लावावा. कडू लागल्यास तो थुंकून सारे फळ टाकून द्यावे. हा कडूपणा कुकुरबिटासिन या द्रव्यांचा असतो. ती शिजवल्याने नष्ट होत नाहीत आणि पोटात गेल्यास तीव्र उलट्या-जुलाब होऊ शकतात. कडू दुधीबाबत दिला जाणारा इशारा भोपळ्यालाही लागू आहे.

कडू नसल्यास गराचे सारख्या आकाराचे तुकडे मीठ-मसाल्याविना वाफवावेत. गोडी, गंध, धागे आणि पाणथळपणा यांची तुलना करावी. घट्ट, गोड गर घारग्यांना उत्तम. पाणी सुटणारा भाजीला बरा. पक्व फळ काही आठवडे ठेवल्यास त्यातील पिष्टाची साखर होऊन गोडी वाढते. त्यामुळे ताज्या फळावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

बी राखताना

आवडलेल्या फळाचे बी पेरले, की तीच चव मिळेल असे नाही. भोपळ्याची नर व मादी फुले वेगळी असतात आणि मधमाश्या शेजारच्या वेलाचा पराग आणतात. त्याचा परिणाम या फळाच्या गरावर नव्हे, तर त्याच्या बियांतून येणाऱ्या पुढच्या पिढीवर दिसतो. म्हणून उमलण्याच्या आदल्या सायंकाळी नर व मादी कळ्या दोऱ्याने बांधाव्यात. पहाटे नर फुलाचा पराग मादी फुलाला लावून ते पुन्हा बांधावे आणि फळावर खूण करावी. एवढे कष्ट घेतले नाहीत, तर आजी-पणजीने जपलेले वाण दोन-चार हंगामांत भलत्याच चवीचे होऊन बसते.